घाटातली थरथर

पडेगावात सांडूच्या गॅरेजमध्ये गाडीची पुढची दोन्ही चाकं काढून ठेवली होती, त्यामुळं रामकिसनरावांना उठून जायची सोय उरली नव्हती. कॉलेजच्या ग्रंथालयातून निवृत्त झालेला हा भिडस्त माणूस तेलकट स्टुलावर अंग चोरून बसला होता.

"हे पाहा काका," सांडूनं झिजलेले ब्रेकचे पॅड त्यांच्यासमोर धरले. "पापडावानी झालेत. हे बदलावेच लागतील. पण डिस्क झकास हाय. जाडी भरपूर, चर नाय. तिला कशाला हात लावायचा?"

चाकाआड दडलेली ती लोखंडी थाळी उन्हात चमकत होती. ती इतकी धडधाकट निघाल्याचं रामकिसनरावांना वाईट वाटलं.

भामाबाईंची बहीण सारजाबाई खुलताबादला अंथरुणाला खिळलेली. दर गुरुवारी नवरा-बायको तिला भेटायला जात. भामाबाईंच्या गुडघ्यांना एसटीची पायरी झेपत नसे, म्हणून गाडी. पण पावसाळा सरल्यापासून घाट उतरताना ब्रेक दाबला की रामकिसनरावांना पायाखाली थरथर जाणवू लागली. सवयीप्रमाणं त्यांनी गाडीदुरुस्तीचं पुस्तक उघडलं. डिस्क वाकडी झाली की ब्रेकचं पेडल थरथरतं, असं त्यात चक्क छापलेलं होतं. ते वाक्य त्यांनी घरात सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं.

मुलगा ऋतुराज त्यावर म्हणाला, "बाबा, चहाचा कप धरतानाही डिस्कच वाकडी असते का?"

आत्ताही तोच फोनवर होता. सांडूनं फोनचा आवाज मोठा केला.

"सांडूभाऊ, पॅडबरोबर डिस्कही बदलून टाका. म्हणजे एकदाचं कळेल, गाडी थरथरते का बाबा. आणि बाबा, नव्या डिस्कवरही थरथर आली तर चावी माझ्याकडं. मी नेत जाईन आईला, सुट्टी मिळाली की."

त्याच्या चितेगावच्या कंपनीतली ती सुट्टी कधी येई आणि कधी जाई, घरात कुणाला कळत नसे. फोन बंद झाल्याबरोबर रामकिसनराव घाईनं म्हणाले, "नको. डिस्क राहू दे."

"आता काय म्हणावं तुम्हाला!" सांडू कमरेवर हात ठेवून हसला. "आलात तवा डिस्क वाकडीच हाय म्हणून माझ्याशी भांडत होता. पोरगा बदला म्हणतो तर नको. लई गिऱ्हाइकं पाहिली, पण तुमची तऱ्हाच येगळी!"

रामकिसनराव ओशाळून खाली बघत राहिले. जुनी डिस्क जागेवर होती तोवर थरथर तिच्या माथी मारता येत होती. नवी बसली की दोष द्यायला दुसरं कुणी उरणार नव्हतं. आणि जुनीच ठेवावी, तर येत्या गुरुवारी त्याच घाटात भामाबाई शेजारी बसणार. बहिणीकडून निघाल्यापासून तिची बडबड सुरू असते, पण घाट लागला की ती गप्प होते, मांडीवरचा डबा दोन्ही हातांनी धरून बसते. थरथरीबद्दल ती आजवर एक शब्द बोललेली नव्हती. हे त्यांच्या आत्ता ध्यानात आलं.

"सांडू," ते हळूच म्हणाले, "नवे पॅड टाक आणि घाटातून तू गाडी उतरवून दाखव. मी शेजारी बसतो. थरथरली तर डिस्क बदलू."

"आन् नाय थरथरली तर?"

रामकिसनरावांनी चष्मा काढला आणि बराच वेळ पुसला.

पॅड बसले. रस्त्याकडेच्या पेरूच्या टोपल्या, दौलताबादचा किल्ला मागं टाकून गाडी घाट चढली. माथ्यावर सांडूनं ती वळवली आणि उतार धरला. पहिल्या वळणावर त्यानं ब्रेक दाबला, मग एका ट्रकमागं जोरात दाबला, मग उगीचच पुन्हा पुन्हा दाबला. गाडी मुकाट्यानं हळू होत होती.

"लोण्यावानी थांबती की! कुठं हो थरथरती, काका?"

दर वळणाला रामकिसनरावांचा उजवा पाय खालच्या मॅटवर दाबला जात होता, जिथं ब्रेक नव्हता तिथं. आणि गुडघ्याखाली पँटचं कापड हलत होतं. त्यांनी गुडघ्यावर हात दाबून धरला. मग हातही हलू लागला.

सांडूचं तिकडं लक्ष गेलं. त्यानं नजर पुन्हा रस्त्यावर नेली आणि गॅरेज येईपर्यंत गाडी सावकाश चालवली.

"डिस्क चांगलीय, काका," उतरताना तो खालच्या आवाजात म्हणाला आणि चावी पुढं केली.

"हो," रामकिसनराव म्हणाले. चावीसाठी त्यांनी हात पुढं केला नाही. "ऋतुराज येईल न्यायला. त्यालाच दे."

"घरी सोडू का?"

"नको. जातो मी."

रस्त्यापलीकडच्या स्टॉपवर एसटी येऊन थांबली. रामकिसनराव दारापाशी गेले आणि पायरीकडं पाहत उभे राहिले. मागून कुणीतरी म्हणालं, "बाबा, चढा ना!" त्यांनी दांडा दोन्ही हातांनी धरला, पाय उचलला. पायरी त्यांना वाटली होती त्याहून उंच निघाली.