उघड्या पायांची अट

चौकात पाय ठेवायला जागा नव्हती. ते प्राचीन शहर तीन धर्मांना पवित्र. एरवी एकमेकांच्या सावलीला न थांबणारी माणसं या एका शिळेपुढे मात्र खांद्याला खांदा लावून उभी होती. शिळेला तिघांची तीन नावं होती, कीर्ती एकच: तिच्यावर उभं केलेलं बहिरं मूल ऐकू लागतं.

सकाळपासून मनीची आई नवरा आणि सासूबाईंसोबत गल्ल्या तुडवत होती. कुठे घंटा, कुठे प्रार्थनेची हाक, कुठे भिंतीआडून येणारं पठण. ऐकणाऱ्याला भरून यावं असं शहर. तिलाही भरून आलं, पण वेगळ्या कारणाने. कानात यंत्र असूनही कडेवरच्या अडीच वर्षांच्या मनीपर्यंत त्यातलं काहीच पोचत नव्हतं.

पुढच्या महिन्यात मनीच्या कानाचं ऑपरेशन ठरलं होतं. भाषा शिकायचं वय निसटतंय, दिरंगाई नको, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. सासूबाईंचं म्हणणं, आधी एकदा शिळेवर उभी करू. ती शिकलेली, तिने मोडता घालायला हवा होता. पण खरं सांगायचं तर तिलाच यायचं होतं.

शिळा ज्यांच्या ताब्यात होती, त्यांना सगळे कानवाले बाबा म्हणत. तोंडाला विश्रांती म्हणून नाही. ‘डॉक्टर कानात यंत्र कोंबतात, माय. आम्ही कान उघडतो.’ अटी दोनच: कान रिकामे, पाय उघडे. कानातून काढलेलं श्रवणयंत्र समोरच्या परातीत टाकायचं. बऱ्या झालेल्या लेकराला ते हवंय कशाला? परात शिगोशीग भरली होती.

सासूबाईंनी मनीचं यंत्र परातीत टाकलं. मनीला शिळेवर घंटेकडे पाठ करून उभं केलं. घंटा पुरुषभर उंच, शिळेतच रोवलेल्या लोखंडी खांबाला टांगलेली. बाबांनी लाकडी मोगरीने टोला दिला. मनी दचकली, वळली आणि घंटेकडे बघून हसली.

चौकात एकच कल्लोळ झाला. नवरा डोळे पुसत दवाखान्याचा नंबर शोधू लागला. ऑपरेशन रद्द करतो म्हणाला. सासूबाई शिळेवर डोकं टेकवून रडत होत्या. मनीला कडेवर घेऊन तीही रडली. अर्धं मिनिट ती जगातली सगळ्यात सुखी आई होती.

मग आत काहीतरी टोचायला लागलं. अडीच वर्षं लेकीवर डोळ्यात तेल घालून नजर ठेवलेल्या बाईला ते सुटणं शक्यच नव्हतं. दचकल्यावर मनीने आधी खाली, स्वतःच्या पायांकडे बघितलं होतं.

तोवर पुढचं मूल शिळेवर चढलं. टोला पडला. शिळेवरच एका कडेला अनवाणी उभ्या असलेल्या तिच्या तळव्यांत मुंग्या आल्या. कडेवरची मनी मात्र कुडत्याचं बटण चघळत राहिली.

तिने नवऱ्याला फोन थांबवायला सांगितलं आणि बाबांना विचारलं, मुलगी कडेवर असताना एकदा वाजवता का?

‘कृपेची उलटतपासणी करायची नसते,’ बाबा म्हणाले. ‘शंका आली की उघडलेले कान मिटतात.’

मोठं सोयीचं वाक्य होतं. बरं झालं तर शिळेमुळे, नाही झालं तर आईमुळे.

तिने मनीला सासूबाईंच्या कडेवर दिलं, मोगरी उचलली आणि सगळं बळ लावून टोला हाणला. जवळच्यांनी कानांवर हात दाबून धरले. मनी आजीच्या चष्म्याची दांडी ओढत होती.

सासूबाई नातीच्या तोंडाकडे बघत राहिल्या. ‘पुन्हा वाजव.’

तिने वाजवली. मनीने चष्मा ओढून काढला आणि खुदकन हसली.

‘अजून एकदा, सूनबाई. जोरात.’

तिने मोगरी उगारली. कुणाचं ढोंग उघडं पाडतोय असं तिला वाटतच नव्हतं. आपल्याच हाताने लेकीला पुन्हा बहिरी करतोय, असं वाटत होतं. टोला पडला. काही झालं नाही.

मग मनीला शिळेवर उभं करायला सांगून तिने चौथा टोला दिला. मनीने पायांकडे बघितलं आणि वळली.

तिने लोकांना समजावून सांगितलं. खांब शिळेत रोवलाय. घंटा वाजली की शिळा हादरते, ती थरथर तळव्यांतून वर चढते आणि मूल दचकतं. म्हणून तर पाय उघडे हवेत. दोघातिघांनी वाकून शिळेला हात लावून पाहिला. बाबा धर्म बुडाल्याची हाकाटी करू लागले, पण कुठला धर्म ते त्यांना सांगता येईना. समोर तिन्ही धर्मांची माणसं होती. सासूबाई परातीत मनीचं यंत्र शोधायला लागल्या. एवढीएवढीशी कितीतरी यंत्रं त्यांच्या बोटांतून गेली.

सहा वर्षांच्या मुलीचा हात धरून एक बाई पुढे आली. तिची मुलगी तीन वर्षांपूर्वी इथेच ‘बरी’ झाली होती.

‘ऐकू येतं, पण मुद्दाम ओ देत नाही, असं समजून मी मारलंय हिला,’ बाई म्हणाली. ‘आता उशीर झाला का हो, ताई?’

ते कान तपासणारे डॉक्टरच सांगतील, आमच्याबरोबर चला, मनीची आई म्हणाली. मग परातीभोवती थांबलेल्या बाकीच्या आयांकडे वळली.

‘घरी जाऊन मुलाला कडेवर घ्या आणि पाठीमागे भांडं वाजवा. खरं असेल ते तपासल्याने पळून जात नाही. खोटं निघालं तर रडून घ्या. पण डॉक्टरांकडे त्याच दिवशी जा.’