झाकणाखालची कुरकुर

साल एकोणीसशे अठ्ठ्याण्णव. शब्दकोशाच्या कचेरीतल्या कोपऱ्यातल्या, सगळ्यांच्या फाइली साठवणाऱ्या मोठ्या मशीनवर धूळ बसू नये म्हणून हेडक्लार्कांनी त्याच्या पडद्याला फुलाफुलांचं झाकण शिवून आणलं होतं. रोज जेवणाच्या सुट्टीत त्यावर बॅकअप चाले. पहिला प्रोग्राम फाइली उचलून पुढे सरकवी, दुसरा त्या बांधून टेपवर ठेवी. मग कागदावर एक ओळ छापून येई: ‘काम पूर्ण’. हेडक्लार्क तिच्यावर टिक मारत. पाठीमागे त्यांचं नाव टिकराव.

सोमवारी हे जुनं मशीन भंगारात जाऊन नवं यायचं होतं. संगणक सांभाळणाऱ्या बाईंनी शुक्रवारी सकाळी टेप उघडून पाहिली. रजेचे अर्ज होते, चहाच्या पाळ्या होत्या. संपादकआजोबांचा बारा वर्षांचा शब्दकोश तेवढा नव्हता.

बाईंनी झाकण उचललं. पडदाभर पहिल्या प्रोग्रामची एकच रड: फाइल वापरात आहे, उचलता येत नाही. कागदावर येत होतं ते फक्त दुसऱ्याचं बोलणं. त्याच्या हातात जे आलं ते त्याने इमानाने बांधलं होतं.

“पण ‘काम पूर्ण’ आलंय की,” टिकराव म्हणाले. “दोन वर्षांच्या टिका आहेत माझ्याकडे.”

बाई मशीनसमोर बसल्या. दोन्ही प्रोग्रामांचं बोलणं, कुरकुरीसकट, एकाच नोंदीत जाईल आणि पहिला अडखळला तर दुसऱ्याचं ‘पूर्ण’ धरलं जाणार नाही, अशी त्यांनी बॅकअपची स्क्रिप्ट बदलली. दुपारी जेवणाच्या सुट्टीत मिनिटाला एक, अशा सेहेचाळीस तक्रारी छापून आल्या. टिकरावांनी सेहेचाळीस टिका मारल्या. शेवटची ओळ बाईंची होती: ‘आता वाचा.’

टिकराव वाचत गेले तसा त्यांचा चष्मा नाकावरून घसरत गेला.

“आजोबा, जेवायला जाताना फाइल बंद करता ना?” बाईंनी विचारलं.

“वेडी का तू? बंद केली आणि परत उघडलीच नाही तर?”

“कधीपासून उघडी आहे?”

“पहिल्या दिवसापासून. फार जपतो मी.”

आजोबांनी डोळे मिटून फाइल बंद केली. जेवले नाहीत, मशीनशेजारीच बसून राहिले. या खेपेला शब्दकोश टेपवर चढला. बाईंनी टेप उघडून ‘ज्ञ’पर्यंत दाखवली, तेव्हा कुठे त्यांनी डबा उघडला.

शब्दकोश तीन वर्षांनी छापून आला. आजोबा शेवटपर्यंत फाइल स्वतः बंद करायला धजले नाहीत. जेवणाच्या सुट्टीत बाईच जाऊन करीत. टिकराव निवृत्त झाले, ते झाकण घेऊनच. आता ते त्यांच्या टीव्हीवर असतं. बाईंना नातवंडं झाली. कुणी “झालं सगळं” म्हणालं, की त्या अजून आधी झाकण उचलून बघतात.