बाईसाहेब शूटिंगला जातात

मामांच्या घरात बायका दोन. एक मामी आणि दुसऱ्या बाईसाहेब. मामी घरात राहायच्या आणि बाईसाहेब गॅरेजमध्ये, पण मान कुणाचा मोठा हे गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. बाईसाहेब म्हणजे मामांची जुनी मोटार. खाली गर्द लाल, वर सायीच्या रंगाची, पुढे बटबटीत दोन दिवे, आणि गिअरचा दांडा हल्लीसारखा सीटच्या बाजूला नाही, तर थेट स्टिअरिंगच्या मानेला. मामा दातांचे डॉक्टर. दवाखाना बंद केल्यावर त्यांनी ही गाडी एका भंगारवाल्याकडून उचलून आणली आणि जन्मभर लोकांच्या दातांवर जे केलं ते सगळं तिच्यावर केलं. खरवडली, भरली, घासली, चकचकीत केली. तिला पुसायला जुन्या बनियनची मऊ फडकी असत. ती धुऊन, वाळवून, घडी करून ठेवायचं काम अर्थातच मामींकडे.

दोघांना मामा-मामी म्हणायला सुरुवात केली ती मामांच्या बहिणीच्या मुलीनं. ही भाची लहानपणी सुट्टीला यायची, तिचं ऐकून अख्खी गल्ली त्यांना मामा-मामी म्हणायला लागली. पुढे ती सिनेमाच्या धंद्यात शिरली, पण ते नंतर.

बाईसाहेबांचे नियम कडक होते. आत बसताना पायातलं बाहेर काढायचं. आत काही खायचं नाही. दार आपटायचं नाही, टेकवायचं. आणि सगळ्यात मोठा नियम कुणी कधी बोलून दाखवला नव्हता, पण होता. स्टिअरिंगच्या चाकाला हात फक्त मामांचा.

खरं तर मामींची गाडी चालवण्यात ख्याती होती. त्यांची स्वतःची एक छोटी गाडी होती. बाजार, बँक, पाहुण्यांना स्टेशनवर सोडणं, मामांना गुडघ्यांच्या डॉक्टरकडे नेणं, सगळं त्याच करायच्या. आमच्या गल्लीत समोरून ट्रक आला की भलेभले गाडी सोडून उतरतात. मामी मात्र मान मागे वळवून, तोंडात बडीशेप चघळत, टोकापर्यंत उलटी गाडी घेत. बाईसाहेब आल्या त्या वर्षी त्यांनी एकदा सहज विचारलं होतं, "अहो, मी चालवू का थोडी?"

"पुढच्या रविवारी," मामा म्हणाले.

दर रविवारी दोघं फेरफटक्याला निघत. मामा चाकावर, मामी शेजारी. तो पुढचा रविवार काही उजाडला नाही. मामींनी परत विचारलं नाही, कारण विचारून मिळवायची गोष्ट त्यांना गोड लागत नसे. पण मामांनी क्लच दाबला की शेजारी मामींचाही पाय आपसूक खालच्या रबरी चटईवर दाबला जायचा. तेवढ्या जागी चटई झिजून गुळगुळीत झाली होती. ती कशानं झिजली हे मामांना कधी कळलं नव्हतं.

अशात एका सकाळी भाचीचा फोन आला. ती आता एका दिग्दर्शकाची सहायक होती. त्यांच्या सिनेमात एक निवृत्त मुख्याध्यापिका म्हातारपणी गाडी घेऊन घरातून पळून जाते, आणि त्यासाठी बाईसाहेबांसारखी गाडी हवी होती.

मामींना वाटलं, आता मामा फोन आपटणार. शेजाऱ्यांनी मुलाच्या लग्नासाठी गाडी मागितली तेव्हा मामांनी त्यांच्याशी महिनाभर बोलणं टाकलं होतं. पण मामांनी नुसतं विचारलं, "चालवणार कोण?"

भाचीनं नटीचं नाव सांगितलं. मामांच्या कॉलेजच्या दिवसांत ह्या बाईंनी पडदा गाजवला होता, आणि मामांनी वर्गाला दांड्या मारून त्यांचे सगळे सिनेमे पाहिले होते. मामांचे कान लाल झाले. "हरकत नाही," ते म्हणाले. "आपलीच गाडी समजा."

मामी स्वयंपाकघरात कांदा चिरत होत्या. त्यांची सुरी थांबली. राग आलाच, पण त्याच्या आधी त्यांना वाईट वाटलं. इतकी वर्षं संसार केला, आजारपणं काढली, फडकी धुतली, आणि चाक मिळालं कुणाला, तर एका फोनवर, कधी न भेटलेल्या बाईला. डोळ्यांतून पाणी आलं ते त्यांनी कांद्याच्या खात्यावर टाकलं.

शूटिंगच्या दिवशी मामांनी सूट घातला. मामींनी जायला नकार दिला होता, पण मामांच्या गोळ्या, पाण्याची बाटली आणि फडकी कोण सांभाळणार, म्हणून गेल्या.

गावाबाहेरचा एक मोकळा रस्ता होता, दोन्ही बाजूंना उंच झाडं. तिथे गाडी उभी करताच कलाविभागाची दोन माणसं बादली घेऊन आली आणि त्यांनी बाईसाहेबांवर चिखल उडवायला सुरुवात केली. मामांच्या तोंडचं पाणी पळालं.

"अहो, हे काय करताय?"

"मामा, पळून चाललेली गाडी आहे," भाची समजावू लागली. "लांबून आलेली दिसायला हवी ना. साधा चिखल आहे, रंगाला काही होत नाही."

मामांनी डोळे मिटून घेतले. माणसांनी चिखलावर धूळ उडवली, काचेवर बोटांचे फराटे ओढले, दारावर एक ओघळ सोडला. मग नटीबाई आल्या, गाडीशेजारी उभ्या राहिल्या, एक उसासा टाकून आत बसल्या, आणि एवढंच टिपायला निम्मी सकाळ गेली. नंतर जेवायची सुट्टी झाली.

सगळे जेवायला गेल्यावर मामांना घास उतरेना. ते हळूच उठले. मामींच्या पिशवीतलं फडकं घेतलं, बाटलीतलं पाणी घेतलं. ओघळ तेवढा पुसू, असं त्यांनी ठरवलं होतं. पण एकदा हात लागला की तो थांबणारा हात नव्हता. माणसं जेवून परत आली तेव्हा बाईसाहेब आरशासारख्या लखलखत होत्या आणि मामा शेवटच्या दिव्यावर हळुवार फुंकर घालत होते.

एका शॉटपासून दुसऱ्या शॉटपर्यंत सगळं जसंच्या तसं आहे ना, हे पाहायला एक मुलगी नेमलेली होती. तिनं गाडी पाहिली आणि ती सरळ खुर्चीत बसली. "सर," ती रडवेल्या आवाजात दिग्दर्शकाला म्हणाली, "बाई चिखलाच्या गाडीत बसल्या आणि निघणार धुतलेल्या गाडीतून."

दिग्दर्शक सज्जन माणूस, वयाचा मान ठेवून गप्प राहिला. भाची मात्र राहिली नाही. "मामा, तुला हात जोडते, आता त्या दोरीच्या पलीकडे उभा राहा."

फोटो बघून बघून पुन्हा एकेक ओघळ तिथल्या तिथे काढला गेला. मामा दोरीपलीकडे शाळेतून बाहेर काढलेल्या पोरासारखे उभे होते. मामींना हसू आवरेना. सकाळपासून प्रथमच त्यांना बरं वाटत होतं.

आता गाडी चालवायचा शॉट. नटीबाईंनी गाडी सुरू केली, दांडा ओढला, आणि पोटातून असा करकर आवाज आला की मामांनी गालच धरला. पुन्हा ओढला, पुन्हा करकर. तिसऱ्यांदा गाडी बेडकासारखी उडी मारून बंद पडली. नटीबाई खाली उतरल्या. त्या मनमोकळ्या होत्या. "मला माफ करा," त्या म्हणाल्या, "मला आपोआप गिअर बदलणारी गाडी येते. ह्या दांड्याचं आणि माझं जमायचं नाही."

दिग्दर्शकानं आकाशाकडे पाहिलं. ऊन उतरत चाललं होतं. "लांबूनचा शॉट आहे," तो म्हणाला. "बाईंचा कोट आणि केसांचा टोप घालून दुसरं कुणीही चालवलं तरी चालेल."

"मी चालवतो," मामा दोरीखालून वाकून आत आले. "मिशी काढतो हवं तर."

लग्नात सासूबाईंनी विनवूनही काढली नव्हती ती मिशी. मामींनी कपाळाला हात लावला. मामांनी नियमाप्रमाणे बूट काढले, पांढऱ्या केसांचा टोप चढवला, कोटात एक हात कसाबसा कोंबला आणि आत बसले. मामा ताडमाड उंच. टोप छताला टेकून कपाळावर आला. दिग्दर्शकानं कॅमेऱ्यातून पाहिलं आणि तोंड फिरवून हसला.

तेवढ्यात भाचीची नजर मामींवर गेली. नटीबाईंची उंची आणि मामींची उंची, सारखीच. "मामी, तू चालवतेस ना गं गाडी?"

सगळे मामींकडे बघायला लागले. मामींनी मामांकडे पाहिलं. मामांनी टोप वर सारला. "तिला ही गाडी येत नाही," ते पुटपुटले.

"कुणी शिकवली?" मामी म्हणाल्या. आवाज चढवला नाही, पण जागच्या हलल्याही नाहीत. "मी एकदा विचारलं होतं. आता नाही विचारणार. हो म्हणायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा."

मामांनी चाकावरून एकदा हात फिरवला. मग त्यांनी टोप काढला आणि मोज्यांवरच खाली उतरले. दार उघडं ठेवलं. "क्लच जरा कडक आहे," एवढंच म्हणाले.

"ठाऊक आहे," मामी म्हणाल्या. चपला त्यांनी आधीच काढलेल्या होत्या.

कोट अंगाला बरोबर बसला. मामींनी चाक धरलं ते नवख्या हातांनी. पण पाय शहाणा निघाला. क्लच दाबला, दांडा पुढे ढकलला, गाडी सुटली. दुसऱ्या गिअरला मध्ये जरा दम घ्यावा लागतो, मग दांडा अलगद खाली, हे त्यांच्या कानाला पाठ होतं. दांडा अलगद खाली गेला. कुठे करकर नाही, हिसका नाही. झाडं मागे पळू लागली. मामी इतक्या खूश झाल्या की एकट्याच मोठ्यानं हसल्या.

"कट," मागून कुणीतरी ओरडलं. मामींनी ऐकलं. त्यांनी तिसरा गिअर टाकला.

गाडी वळणाआड दिसेनाशी झाली. मंडळी बघत राहिली. आणि गुडघ्यांची तक्रार करणारे मामा सुटाबुटात, म्हणजे सुटात आणि मोज्यांत, रस्त्यानं पळत सुटले.

वळणाच्या पुढे रस्ता रुंद होता, तिथे मामींनी गाडी फिरवली. परत येताना मामा भेटले, कमरेवर हात ठेवून धापा टाकत उभे. मामींनी गाडी थांबवून शेजारचं दार उघडलं. मामा बसायला लागले.

"मोजे काढा," मामी म्हणाल्या. "चिखल लागलाय त्यांना."

मामांनी मुकाट्यानं मोजे काढून खिशात ठेवले आणि आत बसले. दार टेकवलं. समोर बघत म्हणाले, "तुला येणार हे मला माहीत होतं."

"मग?"

"म्हणून तर." मामा चिखलाच्या काचेकडे बघत राहिले. "हिशेब तुला बरा येतो. लोकांशी बोलणं बरं येतं. पोरं तूच वाढवलीस. दवाखान्यातसुद्धा पेशंट तुझ्यासाठी यायचे, माझ्यासाठी नाही. ही एवढी एकच गोष्ट होती, जी घरात मला येते आणि तुला नाही. तू एकदा चाकावर बसलीस की तीही गेली."

मामींना इतक्या वर्षांचा राग ठेवायला जागाच उरली नाही. हा माणूस गाडी आपल्यापासून जपत नव्हता, स्वतःलाच जपत होता. त्यांना त्याची दया आली आणि मायाही आली, आणि दोन्ही एकदम आल्यामुळे त्या जरा दरडावूनच बोलल्या.

"आज जेवायच्या सुट्टीत तुम्ही जशी गाडी पुसलीत ना, तशी सात जन्मांत मला जमायची नाही. तेव्हा असं करू. रविवारी पुसायचं काम तुमचं, चालवायचं माझं."

"दर रविवारी?"

"नाही," मामी म्हणाल्या. "पुढचा रविवार तुमचा."

मामांनी त्यांच्याकडे पाहिलं. मग त्यांना समजलं आणि ते खो खो हसले, मिशी पुसत. हसता हसता त्यांचा हात सवयीनं खिशात गेला. मोज्यांखालून फडकं निघालं आणि काचेवरच्या फराट्यांकडे वळलं.

"ठेवा ते खाली," मामींनी गिअर टाकला. "अजून एक शॉट आहे."

मामांनी फडकं मांडीवर घडी करून ठेवलं. गाडी निघाली, दुसऱ्या गिअरची वेळ आली, आणि मामांचा अनवाणी पाय चटईच्या गुळगुळीत जागेवर आपसूक दाबला गेला. त्यांनी खाली वाकून ती जागा नीट पाहिली, मग मामींच्या क्लचवरच्या पायाकडे पाहिलं, आणि आपला पाय हळूच बाजूला घेतला.