‘विदाऊट’चा रकाना

वॉरेनच्या केबिनमध्ये काचेच्या पेटीत एक बॉल होता. तपकिरी, दोन्ही टोकांना निमुळता. माझा नवरा सुजीत म्हणायचा, आखातातल्या जबल अली बंदरावरच्या आमच्या अख्ख्या वेअरहाऊसमध्ये एसी आधी त्या बॉलला लागतो, मग माणसांना.

वॉरेन सुजीतचा अमेरिकन बॉस. त्यांच्या फुटबॉलचं त्याला भारी वेड. दोन हजार आठच्या सप्टेंबरात त्याने ऑफिसात पैज सुरू केली, कुठल्या टीमला कुठला क्वार्टरबॅक सगळ्यात मोलाचा. आणि एक्सेलमध्ये हात चालतो म्हणून तक्ता करायचं काम आलं सुजीतकडे, ज्याने जन्मात क्रिकेटशिवाय काही पाहिलं नव्हतं.

“क्वार्टरबॅक म्हणजे कॅप्टन का?” मी विचारलं होतं. तेव्हा दिया पोटात होती आणि मी दिवसभर आवळासुपारी चघळत बसायचे.

“कॅप्टनपेक्षा डिस्पॅचर समज. बॉल त्याच्या हातात येतो, समोरून दांडगे लोक धावून येतात, आणि तीन सेकंदांत ठरवायचं, कुणाकडे पाठवायचा. मी कंटेनरचं दिवसभर तेच तर करतो. फक्त अंगावर कोणी धावून येत नाही.”

“वॉरेन येतो ना.”

तो हसला होता. मग मनापासून कामाला लागला, कारण सुजीतला अर्धवट काही जमत नाही. बाकीचे कोणी किती यार्ड फेकले, कोणी किती टचडाऊन केले ते मोजत होते. सुजीतने एक जास्तीचा रकाना टाकला. त्याला नाव दिलं ‘विदाऊट’. तो माणूस नसताना टीमचं काय होतं? त्या सीझनला एका मोठ्या टीमचा नावाजलेला क्वार्टरबॅक पहिल्याच मॅचमध्ये गुडघा मोडून घरी बसला होता. आदल्या वर्षी त्याच्यासोबत सोळापैकी सोळा मॅचेस जिंकल्या होत्या. आता बदली खेळाडूसोबत किती, ते सुजीत दर सोमवारी भरायचा. डिसेंबर संपताना आकडा आला अकरा. “म्हणजे त्या माणसाची किंमत पाच मॅचेस,” सुजीत म्हणाला. वॉरेनने त्याची पाठ थोपटली म्हणे.

जानेवारीतल्या एका गुरुवारी संध्याकाळी तोच तक्ता सुजीतला मेलवर परत आला. रकाने तेच. खेळाडूंच्या जागी दोन नावं होती, सुजीत आणि उपेंद्र.

मंदीमुळे हेड ऑफिसने सांगितलं होतं, दोन सुपरवायझरपैकी एकच ठेवा. वॉरेनने दोघांनाही लिहिलं होतं, आकड्यांत काही चूक असेल तर रविवारी सकाळी आठला या आणि सांगा. नंतर तक्रार नको.

शुक्रवारी सकाळी डायनिंग टेबलावर दियाच्या लंगोटांच्या घड्यांमध्ये लॅपटॉप ठेवून सुजीत तो तक्ता मला दाखवत होता.

“बघ. ऑगस्टमध्ये उपेंद्र बहिणीच्या लग्नाला नागपूरला गेला. बारा दिवस. विदाऊट उपेंद्र, लेट कंटेनर नऊ. नोव्हेंबरमध्ये मी रजेवर. अठरा दिवस. विदाऊट सुजीत, लेट कंटेनर शून्य.”

“शून्य?”

“शून्य. म्हणजे माझ्यावाचून काही अडत नाही.” तो हसायला गेला आणि ते हसू ओठांवरच राहिलं. “माझाच फॉर्म्युला आहे गं. त्याने एक कॉमासुद्धा बदलला नाहीये.”

मांडीवर दिया होती, दोन महिन्यांची. तिच्या पासपोर्टवर अजून व्हिसासुद्धा लागला नव्हता. सुजीतचा व्हिसा रद्द झाला की आमच्या हातात एक महिना. इंटरनॅशनल सिटीतल्या आमच्या बिल्डिंगीत खालच्या किराणा दुकानाच्या काचेवर रोज नवी चिठ्ठी लागत होती, पाळणा आहे, सोफा आहे, अर्जंट. पुण्यात परत जाऊन करायचं काय, तिथे तरी कोण नोकऱ्या घेऊन बसलंय, हे आम्ही दोघंही मोठ्याने बोलत नव्हतो.

“पण तू रजेवर कुठे होतास?” मी म्हणाले.

त्याने लॅपटॉप मिटला. त्या रजेत तो खरं काय करत होता ते आम्हा दोघांनाच माहीत होतं. म्हणजे तिघांना.

आईचा व्हिजिट व्हिसा अडकला होता, म्हणून बाळंतपणाला सुजीतने सगळी रजा एकदम घेतली होती. जाण्याआधी त्याने उपेंद्रसाठी बावीस पानांची हँडओव्हर नोट लिहिली. आणि वर बजावलं, “काही अडलं तर मला फोन कर, वॉरेनला नको. आणि मला फोन केलास हे त्याला कळू देऊ नकोस. हँडओव्हर कच्चं दिलं असं व्हायला नको.” नीट काम करणाऱ्या माणसाची हौस ती. आपण नसताना सगळं आपोआप चालल्यासारखं दिसलं पाहिजे.

उपेंद्रचे फोन आले. हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये आले, दिया काविळीसाठी निळ्या दिव्याखाली डोळ्यांवर पट्टी बांधून झोपली होती तेव्हा आले, मी टाके सांभाळत उठायला बघत होते तेव्हाही आले. एकदा मी रडून म्हणाले होते, “तुझं लेकरू इथे आहे की पोर्टवर?” त्याने एका हाताने माझी उशी सरकवली, आणि दुसऱ्या हाताने लिहीत राहिला.

लिहायला त्याच्याकडे कागद नसायचा. नर्सने मला एक वही दिली होती. दियाने किती वाजता, कुठल्या बाजूला, किती मिनिटं प्यायलं, शू किती, शी किती. सुजीत त्याच वहीत लिहायचा.

मी ती उघडली. ‘६.४० डावी, १२ मिनिटं.’ त्याच्याखाली त्याचं तिरकं अक्षर: ‘उपेंद्र, ६.५५. गेट ४, टोकन संपले, हनीफ ड्रायव्हरला पुढे पाठव.’ मग ‘९.१० उजवी, झोपली मध्येच.’ आणि ‘९.१५. थंड कंटेनर, शेवटचे चार आकडे २२१७, आधी प्लग लाव, मग कागद.’ पानामागून पान. माझं लेकरू आणि त्याचे ट्रक एकाच वहीत वाढत होते.

“ही दाखव वॉरेनला,” मी म्हणाले.

“नाही.”

“का?”

“ही दाखवली की उपेंद्र गेला. त्याच्या बायकोचा, हेमाचा व्हिसा आलाय. पुढच्या महिन्यात येतेय ती.”

“आणि आपण?”

“मैथिली, तोंड बंद ठेव असं त्याला मीच सांगितलं होतं. आता त्यालाच त्यावरून पाडू?”

मी वही मिटली. दिया जागी होऊन टकमक बघत होती, तिच्याकडे बघून बोलायचं थांबले. तिच्यासमोर भांडायचं नाही असं आम्ही हॉस्पिटलातच ठरवलं होतं. तिला काय कळतंय, पण तरी.

दर शुक्रवारी उपेंद्र आमच्याकडे जेवायला असायचा. तो शेजारच्याच इमारतींच्या क्लस्टरमध्ये तिघांसोबत खोलीत राहायचा आणि रोज सकाळी सुजीतच्याच गाडीतून जबल अलीला जायचा. मला वाटलं, आज येणार नाही. दीड वाजता बेल वाजली. हातात कलिंगड.

“वहिनी, येऊ ना? का आज बंदी आहे?”

“ये. वरण-भातच आहे.”

“तेच पाहिजे ना बाप्पा. खोलीवर मुनीर आठवडाभर खिमाच करतो. घामालाही आता वास यायला लागला.”

कोणी हसलं नाही. तो बसला. मी वाढलं. सुजीतने वरणावर तूप ओतलं आणि ओततच राहिला.

“सर, बस.”

“हां.”

मग दिया रडली. मी आत जाऊन तिला पाजलं आणि सवयीने वही घेऊन बाहेर आले, वेळ लिहायला. मुद्दाम केलं का? मी स्वतःला पुष्कळदा विचारलंय. थोडं मुद्दामच. ‘१.५५ डावी, १५ मिनिटं’ लिहिलं आणि वही उघडीच टेबलावर ठेवून पानं मागे उलटली, नोव्हेंबरपर्यंत.

उपेंद्रचा घास हातातच राहिला. त्याला उलटं वाचावं लागलं नाही. आकडे त्याला पाठ होते.

“बावीस सतरा,” तो हळू म्हणाला. “दहा मिनिटं उशीर झाला असता तर सगळं चीज वितळलं असतं.”

सुजीतने वही ओढून मिटली. “जेव तू.”

“राहू द्या सर.”

“उपेंद्र,” मी म्हणाले, “मेल काल संध्याकाळी आली. आज दुपार झाली. तू काहीच बोलला नाहीस.”

“मैथिली!”

“बोलू द्या त्यांना.” त्याने हात ताटातच झटकले. कान लाल झाले होते. “मी काल शून्य वाचला ना वहिनी, तर आधी बरं वाटलं. खोटं कशाला बोलू? वाटलं, चला, हेमाचं तिकीट रद्द नाही करावं लागणार. मग वाटलं, सर स्वतःच सांगतील. मग वाटलं, सर नाही सांगणार. सरांचा स्वभावच नाही. ह्या दोन्हींच्या मधे झोपलोच नाही.”

खालून कोणीतरी फर्निचर ओढत नेत होतं, तो घासल्याचा आवाज जिन्यात बराच वेळ येत राहिला.

मी वही उचलली आणि उपेंद्रच्या पुढ्यात ठेवली.

“घेऊन जा.”

“काय करतेस तू?” सुजीत उभा राहिला.

“मी वॉरेनला देत नाहीये. याला देतेय. याने काय करायचं ते हा ठरवेल. तू नाही म्हणालास, मी पाठवत नाही.”

उपेंद्रने ताट तसंच ठेवलं. हात धुतले, वही पिशवीत टाकली, आणि दाराशी चप्पल घालताना दियाकडे न बघता म्हणाला, “मग हिचं दूध कशात लिहाल?”

“कॅलेंडरवर.”

शनिवार अख्खा गेला. सुजीत माझ्याशी तीन वाक्यं बोलला, तिन्ही दियाबद्दल. मी कॅलेंडरच्या चौकोनात बारीक अक्षरांत ‘डावी, उजवी’ लिहीत होते. मनात सारखं येत होतं, मी आपल्या घराची दोरी दुसऱ्याच्या हातात दिली. त्याने वही कचऱ्यात टाकली तर? मी त्याला दोष तरी कसा देऊ, त्याचीही बायको कुठेतरी पेटी भरत होती.

रविवारी सव्वासहाला सुजीतने खाली जाऊन गाडी सुरू केली. मी दियाला खांद्यावर घेऊन बाल्कनीत उभी. उपेंद्र आला. नेहमीसारखा पुढच्या सीटवर बसला. त्याच्या हातात फक्त डबा होता. पिशवी दिसली नाही.

आठ वाजले. साडेआठ. दियाला ढेकर येईना, मी तिला पाठीवर थोपटत हॉलमध्ये फेऱ्या मारत होते, आणि फोन डायनिंग टेबलावर उताणा पडून होता. नऊ. मी तो उचलून बघितला, चार्जिंग आहे ना. पावणेदहाला वाजला.

“वही त्याने शर्टाच्या आत खोचून आणली होती,” सुजीत म्हणाला. “मी बसायच्या आधीच टेबलावर ठेवली. म्हणाला, मिस्टर वॉरेन, या शून्यात त्रेसष्ट फोन आहेत. मोजून आला होता गं. प्रत्येक फोनापुढे पेन्सिलीने टिक.”

“वॉरेन काय म्हणाला?”

“त्याने पानं उलटली. उपेंद्र इंग्रजीत वाचून दाखवत होता. ‘डावी-उजवी काय आहे?’ वॉरेनने विचारलं. मी सांगितलं. तो टिकांवरून बोट फिरवत गेला. मग म्हणाला, आमच्याकडे क्वार्टरबॅकच्या हेल्मेटमध्ये स्पीकर असतो, कोच बाहेरून त्यात सांगत असतो. तू कोच होतास आणि मी तुला जखमी धरलं. त्याने माझा ‘विदाऊट’चा आकडा खोडला.”

“मग?”

“मग मला ठेवलं.”

मला रडू आलं. दियाच्या मऊ टाळूवर हनुवटी टेकून मी उभी राहिले, आणि त्या रडण्यात आनंद किती आणि लाज किती हे मला वेगळं करता येईना.

“आणि उपेंद्र?”

“महिनाअखेरपर्यंतच. मी म्हणालो वॉरेनला, ऑगस्टचे नऊ लेट तरी बघ, ते खरे आहेत. याच्याशिवाय मी तुला नऊ लेट दिलेत. तो म्हणाला, हेड ऑफिसला एकच खुर्ची हवी आहे, खलास.”

वही उपेंद्रनेच परत आणून दिली, त्या संध्याकाळी, दारातूनच. आत आला नाही. “टिका खोडरबरने पुसल्यात वहिनी. पोरीची वही आहे.”

“हेमाला सांगितलंस?”

“सांगितलं. म्हणाली, तिकीट मी रद्द करत नाही, तुम्ही काय ते बघा.” तो पहिल्यांदा खराखुरा हसला. “नागपूरची आहे ना.”

फेब्रुवारीच्या पहिल्या सोमवारी तो फुजैराला मुलाखतीला निघाला. तिथल्या बंदरावर जहाजांना तेल देणाऱ्या एका कंपनीत जागा होती, पण एका जागेला शंभर जण. त्याच सकाळी सुजीत त्याच्याशिवाय पहिल्यांदा यार्डात उभा होता.

अकरा वाजता सुजीतचा मला फोन आला. दिया पीत होती, मी एका हाताने उचलला.

“गेट चारवर सात ट्रक अडकले होते. टोकनवाला ऐकेचना. उपेंद्र त्याच्याशी कसं बोलायचा ते मला माहीतच नाही. मी आयुष्यात कधी विचारलं नाही.”

“मग?”

“मग मी वॉरेनच्या केबिनमध्ये गेलो आणि तिथून उपेंद्रला फोन लावला. स्पीकरवर.”

“वॉरेनसमोर?”

“समोर. लपवून नाही. उपेंद्र बसमध्ये होता, डोंगरात कुठेतरी, आवाज तुटत होता. म्हणाला, त्या टोकनवाल्याच्या मुलाचं ऑपरेशन झालंय, आधी त्याची चौकशी करा सर, मग कागद पुढे करा. मी जाऊन तसं केलं. वीस मिनिटांत सातही ट्रक सुटले.”

“वॉरेन काय म्हणाला?”

“बॉलकडे बघत बसला होता. मग म्हणाला, फुजैराच्या त्या कंपनीतल्या मॅनेजरचा नंबर आहे का तुझ्याकडे?”

“दिलास?”

“दिला. आत्ता दार लावून बोलतोय त्याच्याशी.”

पलीकडे यार्डातला भोंगा वाजला. सुजीत फोन ठेवत नव्हता, मीही नाही. दियाने दूध सोडलं आणि डोळे उघडले. मी वही जवळ ओढली आणि लिहिलं, ‘११.१० उजवी, १४ मिनिटं.’ त्याच्याखाली उपेंद्रच्या बातमीसाठी जागा ठेवली.