पाटीवर कोण लिहितंय?

हॉलमधल्या खुर्च्या संपल्या तेव्हा लोक भिंतींना टेकून उभे राहिले. भिंतीही संपल्या तेव्हा जिन्यात बसले. जवळजवळ प्रत्येकीच्या मांडीवर नाहीतर हाताला धरून एक मूल होतं. कोणी पुढेमागे झुलत होतं, कोणी कानांवर तळवे दाबून बसलं होतं, कोणी एकच शब्द घोळवत होतं. बसमध्ये, दुकानात, नातेवाइकांकडे या मुलांकडे माणसं वळून वळून बघतात. इथे कोणी वळून बघत नव्हतं. निव्वळ तेवढ्यासाठीही काही आया पुन्हा पुन्हा येत.

व्यासपीठावर मौनगुरू होते. पांढरेशुभ्र कपडे, तेल घातल्यासारखा गुळगुळीत आवाज. नावात मौन, पण तोंडाला उसंत नाही.

"तुमची मुलं आजारी नाहीत," ते सांगत होते. "डॉक्टरांच्या कागदावर काय वाट्टेल ते नाव असू दे. हे पिकलेले, जुने आत्मे आहेत. जग फार बडबडतं म्हणून त्यांनी मौन धरलंय. मी काही करत नाही हो. मी नुसती किल्ली. खजिना तुमचा."

मग त्यांनी भिंगरीला वर बोलावलं.

भिंगरी हे तिचं घरातलं नाव. दोन्ही हात पसरून स्वतःभोवती फिरायचं, हा तिचा मुख्य उद्योग. दहा वर्षांची झाली तरी तिने एक शब्द उच्चारला नव्हता. गुणगुणायची मात्र. तीनच सुरांचं एक गाणं, तिचं तिनेच रचलेलं. तिला फिट्स यायच्या, पण रोजच्या गोळ्यांनी त्या बऱ्याच काळापासून थांबल्या होत्या.

मौनगुरूंनी तिला शेजारी बसवलं. अक्षरं आणि काना-मात्रा छापलेली एक प्लास्टिकची पाटी समोर धरली आणि तिचं मनगट दोन बोटांत अलगद पकडलं. तिचं बोट पाटीवर फिरू लागलं. सेवेकरी एकेक शब्द जुळवून माइकवर वाचत गेला.

"आई. मी. आत. आहे. मला. सगळं. कळतं."

हॉलमधून एक हुंदका उमटला, तो एका माणसाचा नव्हता. भिंगरीच्या आईने दोन्ही हातांनी पुढची खुर्ची घट्ट धरली. सगळ्यांचे डोळे त्या बोटावर खिळले होते. भिंगरी छताच्या पंख्याकडे बघत होती. पंखा तिचा जीव की प्राण. पण त्या वेळी तिच्या डोळ्यांकडे बघायला कोणाला सवड होती?

निदान तिच्या आईला असायला हवी होती. ती चष्म्याच्या दुकानात नजर तपासायला होती. अक्षरांच्या तक्त्यासमोर माणसाला बसवायचं, एक डोळा झाकायचा आणि खालची ओळ वाचायला सांगायची, हे तिचं रोजचं काम. गाडीचा परवाना वाचवायला आलेले म्हातारे ड्रायव्हर ती ओळ पाठ करून यायचे. ती मुकाट्याने तक्ता बदलायची आणि म्हणायची, "काका, आता ही वाचा बघू." अशी ही बाई. पण पोटच्या पोरीने आई म्हणून हाक मारल्यावर तक्ता बदलायची बुद्धी कोणाला होणार?

सेवेकऱ्यांनी तिला पाटी दिली आणि कशी धरायची ते शिकवलं. दाबायचं नाही, ढकलायचं नाही, मनगटाला नुसता आधार. आणि परीक्षा कधीही घ्यायची नाही. शंका आली की मूल पुन्हा आत जातं आणि दार कायमचं बंद होतं.

आधी नुसती असंबद्ध अक्षरं आली. मग हळूहळू आईच्या हातातही पाटी बोलू लागली. भिंगरीचे बाबा बसच्या डेपोत मेकॅनिक होते. सुरुवातीला ते म्हणाले, "पाटीला विचार, माझा पगार कधी वाढणार." पण एका संध्याकाळी पाटीवर आलं, "बाबा, तुमच्या कपड्यांच्या ऑइलच्या वासाने मला झोप लागते." बाबा बाथरूममध्ये गेले, नळ सोडला आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. त्यानंतर पाटीची चेष्टा त्या घरात बंद झाली.

पुढच्या सभेत मौनगुरू म्हणाले, "गोळी म्हणजे आत्म्यावरचं झाकण." त्यांनी गोळ्या बंद करा असं म्हटलं नाही. तेवढे ते हुशार होते. पण थोड्याच दिवसांत भिंगरीच्या घरी पाटीवर आलं, "गोळी नको. डोक्यात धुकं पसरतं."

आईने तीन वेगवेगळ्या तऱ्हांनी विचारून बघितलं. उत्तर तेच. जन्मापासून या मुलीचं सगळं आपणच ठरवलं, तिने पहिल्यांदा तोंडाने नाही तरी बोटाने काही मागितलंय, असं तिच्या मनात आलं. शाळेतल्या बाईंनी निरोप पाठवला, डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी थांबवू नका. भिंगरी ज्या विशेष शाळेत जायची तिथल्या या बाई. आईने फोनवर त्यांना सुनावलं की तुम्हाला तिचं म्हणणं ऐकायचंच नाही. मग तिने मुलीला शाळेत पाठवणंही सोडलं. गोळ्यांची पाकिटं कपाटाच्या मागच्या कप्प्यात गेली.

फिट आली ती सकाळी, अंघोळ घालताना. आणि थांबेना. शेजाऱ्याच्या गाडीत आईने तिला मांडीवर धरलं होतं, ओले केस तसेच निथळत होते. दवाखान्यात शिरेतून औषध दिलं, तरी ते अंग आवरायला फार वेळ लागला.

डॉक्टरांनी विचारलं, "गोळ्या कोणी बंद केल्या?"

"तिनेच सांगितलं."

डॉक्टर लिहायचे थांबले. आईने पाटीचं सांगितलं. ते चिडले असते तर तिला बरं वाटलं असतं. त्यांनी एवढंच समजावलं की ही गोळी एकदम बंद केली की फिट अशीच उसळून येते, म्हणून ती कमी करायची तरी बेताबेताने आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली. गोळी पुन्हा सुरू झाली.

भिंगरी घरी आली तेव्हा डावा पाय ओढत चालत होती. पाय पुढे सुधारला. गुणगुणणं परत आलं नाही. आई स्वयंपाक करता करता मध्येच गॅस बंद करायची आणि कान द्यायची. आतल्या खोलीत शांतता असायची.

बाई भेटायला आल्या त्या दिवशी आईने त्यांना बसाही म्हटलं नाही. म्हणाली, तुम्ही इथे असावं की नसावं हे आपण भिंगरीलाच विचारू. तिने पाटी घेतली. पाटीवर आलं, "बाईंना मी आवडत नाही."

बाईंनी ते वाचलं. त्या जमिनीवरच बसल्या, भिंगरीपासून थोड्या अंतरावर.

"एक विचारू? लिहितेय ती ना?"

"हो."

"मग तुमच्या डोळ्यांचं तिथे काय काम?"

आईला कळेना.

"तुम्ही डोळे मिटा. तिचे उघडेच राहू देत. पाटी तिच्यासमोर, बोट तिचं. तुम्ही आधार द्या, रोज देता तसा."

"परीक्षा घेऊ नये म्हणतात."

"तिची नाही घेत आहोत. तुमची घेतोय. तुम्ही तर रोज लोकांचे डोळे झाकता."

आईने डोळे मिटले ते रागाने. मनगट हातात होतं. ती बोट हलण्याची वाट बघू लागली. आणि तिला पहिल्यांदाच त्या हाताचं वजन जाणवलं. झोपलेल्या माणसाच्या हातासारखा तो जड होता. ती हाताची वाट बघत होती आणि हात तिची वाट बघत होता. मग थोडं हलल्यासारखं झालं. बाई वाचत गेल्या, "ट. ङ. पुन्हा ट. आता बोट पाटीच्या बाहेर गेलंय."

आईने डोळे उघडले. भिंगरी पंख्याकडे बघत होती.

तिने पुन्हा डोळे मिटले. पुन्हा तेच. दारात बाबा येऊन उभे होते, हातातला डबाही खाली न ठेवता. तिसऱ्यांदा तिने डोळे उघडेच ठेवले, आणि बोट सरसर धावलं, "आई, माझ्यावर शंका घेऊ नकोस."

आईने ते वाक्य वाचलं. मग पोळल्यासारखं मनगट सोडलं. त्या क्षणी तिला ज्याची सर्वांत जास्त भीती वाटत होती, नेमकं तेच पाटीवर उमटलं होतं.

"मी ढकलत नव्हते, बाई. खरंच सांगते."

"माहीत आहे मला," बाई म्हणाल्या. "आपल्याला जे अक्षर यावंसं वाटतं, तिकडे हात आपोआप कलतो. इतका थोडा की आपला आपल्याला पत्ता लागत नाही. भल्याभल्यांचे हात असे फसलेत. काही न बोलणारी मुलं खरंच लिहितात. पण त्यांचं मनगट कोणी धरलेलं नसतं, आणि ती पाटीकडे बघून लिहितात."

"मग गोळी?" आई म्हणाली. "गोळी नको कोणी म्हटलं?"

बाबांनी डबा खाली ठेवला. "तू एकटी नव्हतीस," ते म्हणाले. "मीही वाचत होतो."

मौनगुरूंपर्यंत फिटची बातमी पोचली होती. त्यांनी निरोप धाडला, ती फिट नव्हे, आत्म्याची झेप होती, मुलीला सभेला आणा. दोघं तिला घेऊन गेले. आईच्या पर्समध्ये दुकानातली तपासणीची चौकट होती. चष्म्यासारखी घालायची आणि डोळ्यांसमोर काळ्या चकत्या सरकवायच्या.

हॉल तसाच खचाखच भरला होता. मौनगुरूंनी भिंगरीला जवळ घेतलं, झेपेचं कौतुक केलं आणि मनगट धरायला हात पुढे केला. आईने चौकट त्यांच्यापुढे धरली.

"महाराज, एवढी घाला आणि मग धरा."

"हे काय?"

"डोळे झाकायचं. तिचे उघडेच आहेत. लिहिणारी ती आहे."

मौनगुरू हसले. "बाळा, गुरूची नजर हाच दिवा असतो. दिवा विझवल्यावर कोण लिहील?"

मागून एक आजोबा म्हणाले, "म्हणजे दिसायला तुम्हाला लागतं, तिला नाही?" दोनचार जण हसले. बाकीच्यांनी त्यांना गप्प केलं. गुरूंनी माइक जवळ ओढला आणि अविश्वासाची सावली मुलांवर कशी पडते ते सुरू केलं. एक सेवेकरी आईचा दंड धरायला पुढे झाला, पण मध्ये बाबा उभे राहिले. डेपोत टायर उचलणारे हात होते, त्यांना काही करावं लागलं नाही.

आईला माइक कोणी दिला नाही. तिने आवाज चढवलाही नाही. व्यासपीठाच्या कडेला येऊन ती समोरच्या रांगेतल्या बायकांना म्हणाली, "त्यांचं राहू द्या. तुमचंच मूल, तुमचीच पाटी, तुमचाच हात. फक्त डोळे मिटा. खरं असेल तर काहीच बिघडणार नाही. मी मिटले नाहीत वेळेवर. माझी मुलगी गुणगुणायची, आता गुणगुणत नाही."

आधी कोणी हललं नाही. मग पहिल्या रांगेतल्या एका बाईने मुलाला पुढ्यात घेतलं, पाटी धरली आणि डोळे मिटले. तिच्या शेजारणीने तिच्याकडे बघितलं आणि तिनेही मिटले. ते मागे मागे पसरत गेलं. माइकवरचा आवाज चालूच होता आणि हॉलमध्ये रांगेने बायका बसल्या होत्या, डोळे घट्ट मिटून, मुलांची मनगटं धरून. ज्यांनी मिटले नव्हते त्या शेजारणीची पाटी वाचत होत्या. एकाही पाटीवर एकही शब्द जुळला नाही. मुलं पंख्याकडे, दाराकडे, स्वतःच्या बोटांकडे बघत होती.

डोळे उघडल्यावर कोणी ओरडलं नाही. एका बाईने पाटी उलटी करून खुर्चीखाली सरकवली. दुसरी नुसतीच बसून राहिली. जिन्यात तिसरीने भिंगरीच्या आईला गाठलं. "माझा मुलगा पुन्हा मुका केलास तू," ती म्हणाली. "काय मिळालं तुला?" आई भिंगरीचा हात धरून जिना उतरत राहिली.

मौनगुरू संपले असं समजू नये. दुसऱ्या गावात, दुसऱ्या हॉलमध्ये त्यांच्या खुर्च्या भरतात. ते भरवतात म्हणून नव्हे. त्या आईबापांना एरवी बसायला खुर्ची कोणी देत नाही म्हणून. आता शाळेतल्या एका वर्गात बाई आणि डॉक्टर महिन्यातून एकदा पालकांसोबत बसतात. गोळी, झोप, रडणं, शेजारी, सगळं बोललं जातं. तिथे चमत्कार होत नाहीत. हॉलमधल्या काही जणी तिथे येतात, जिन्यातली अजून आलेली नाही.

कोणी तुमच्या मुलाच्या नावाने बोलू लागलं, तर त्याला एकच विचारा: तुमचे डोळे झाकले तर काय राहील? खऱ्या गोष्टीला तपासणीची भीती नसते. मुलाचं म्हणणं तपासून घेणं हा मुलावरचा अविश्वास नाही. त्याच्या तोंडी आपले शब्द घालणं हा आहे.

भिंगरी पुन्हा शाळेत जाते. बाई तिला चित्रांची कार्डं शिकवतात. हवं ते कार्ड स्वतः उचलायचं आणि समोरच्याच्या हातात द्यायचं. मनगट कोणी धरायचं नाही. कित्येक महिने ती कार्डं चावत होती, भिरकावत होती. मग एका संध्याकाळी आई तिचे केस विंचरायला बसली. भिंगरीने मान वळवली, समोरच्या कार्डांवरून नजर फिरवली, एकावर थांबवली, आणि ते उचलून आईच्या हातात दिलं.

आडवा हात दाखवलेलं चित्र होतं. नको.

पाटी आईच्या मनाविरुद्ध कधी एक अक्षर बोलली नव्हती. आईने कंगवा खाली ठेवला.