मागे वळून पाहणारं भूत

मी एक जुना मॉनिटर आहे, म्हणजे संगणकाचा पडदा. मित्रांनो, लोक मलाच संगणक समजतात, पण ते काही खरं नाही. विचार करतो तो टेबलाखालचा डबा, साठवतोही तोच. माझ्याकडे फक्त उजेड. आतून जे येईल ते दाखवायचं आणि क्षणात विसरायचं, एवढंच माझं काम.

कारखान्यातून निघालो तेव्हा माझ्या काचेवर साधा ओरखडाही नव्हता. एका छोट्या कार्टून स्टुडिओने मला घेतलं. तिथे भिंतीला ओल होती, खुर्च्या करकरायच्या आणि चहाचे कप नेहमी कुणाच्या तरी कागदांवर ठेवलेले असायचे. माझ्यासमोर बसायची ती मुलगी सगळ्यांची ताई होती. "रंग दाखवावा तर यानेच," असं ती आल्यागेल्याला सांगायची आणि चष्म्याच्या मऊ फडक्याने मला पुसायची. मी मनातल्या मनात फुगून जायचो.

एकदा लहान मुलांच्या चित्रपटाचं काम आलं. त्यात एका मुलीची वारलेली आई भूत होऊन घरी येते. भूत पारदर्शक हवं, चमकणारं हवं आणि मुलांनी घाबरायला नको, असं सरांनी, म्हणजे दिग्दर्शकांनी, बजावलं होतं.

ताई कामाला लागली. पहिल्या दिवशी तिने नुसतं अंग पारदर्शक केलं, तर काय फजिती! डोक्याच्या आतले डोळ्यांचे गोळे आणि दातांची रांग आरपार दिसायला लागली. पलीकडच्या खुर्चीवरचा, चित्रपटाला आवाज जोडणारा मुलगा म्हणाला, "ताई, मुलं घाबरायची नाहीत, पण दातांचे डॉक्टर नक्की येतील!" मग तिने अंगाचा फक्त पुढचा थर ठेवला. अंग समोरून काचेसारखं स्वच्छ आणि कडांना वळेल तिथे उजळ केलं. कडांभोवती निळसर धूसर प्रकाश पसरवला. तरी ते भूत चित्रावर चिकटवल्यासारखंच वाटत होतं. शेवटी तिने त्याचा उजेड जमिनीवर, पलंगाच्या पायावर, झोपलेल्या मुलीच्या गालावर पाडला आणि भूत एकदम खोलीत आलं.

आता ते चालायला हवं होतं. ताईची स्वतःची आई वर्षापूर्वी गेली होती. तिने त्या भुताला आईची चाल दिली. कुणाला काही बोलली नाही.

तिचे बाबा बस चालवून निवृत्त झालेले. दुपारी तिचा जेवणाचा डबा घेऊन यायचे आणि जागेवर न बसता उभ्याउभ्याच जायला निघायचे. त्या दुपारी त्यांची नजर माझ्यावर पडली. भूत दारात आलं, त्याने चौकटीला हात लावला, डावा पाय जपून टाकला, दोन पावलं चाललं आणि मागे वळून पाहिलं.

बाबांच्या हातातला डबा तसाच राहिला.

"छोटे, ही तुझी आई आहे."

"हो, बाबा."

"मेल्यावरही गॅस बंद केला का तेच बघतेय गं!" ते हसले आणि हसता हसता त्यांनी चष्मा काढला. "परत दाखव."

त्यानंतर ते रोज खुर्ची ओढून बसू लागले. मी रोज त्यांना ती चाल दाखवायचो. आयुष्यात माझा कुणाला एवढा उपयोग झाला नव्हता.

सरांना मात्र ते पटलं नाही. "भुताला कसली गुडघेदुखी? आणि ते मागे का बघतंय? तरंगत ने त्याला." ताईने दोनदा समजावून पाहिलं, मग मान खाली घालून तरंगणारं भूत केलं. स्टुडिओच्या मुख्य साठ्यात, म्हणजे सगळ्यांचं काम जपणाऱ्या मोठ्या संगणकात, मंजूर झालेलं तेवढंच जायचं. आईची चाल उरली ती फक्त माझ्या जोडीदाराच्या, त्या टेबलाखालच्या डब्याच्या पोटात.

आणि तो आजारी होता. त्याच्या जाळीवर धुळीचा थर साचला होता, श्वास घेताना तो घरघरायचा. एके दिवशी त्याने माझ्याकडे शब्द पाठवले, 'डिस्क खराब होत आहे. माहितीची प्रत काढून घ्या.' मी ते जितक्या ठळकपणे दाखवता येतील तितक्या ठळकपणे दाखवले. ताईच्या मागे कामाची घाई होती. तिने 'नंतर' दाबलं. दुसऱ्या दिवशीही तेच. मित्रांनो, मला हात असते तर मी तिचं मनगट धरलं असतं, तोंड असतं तर ओरडलो असतो. पण पडद्याला फक्त दाखवता येतं.

चित्रपट पूर्ण झाला त्याच आठवड्यात डबा बंद पडला. दुरुस्तीवाल्याने तो उघडला, आतली डिस्क कानाशी धरून हलवली आणि म्हणाला, "यातून आता काही निघायचं नाही, ताई."

पुढचे काही दिवस बाबा आले की ती म्हणायची, "आज संगणकाचं काम चालू आहे, बाबा." शेवटी एका दुपारी तिने खरं काय ते सांगितलं.

बाबांनी माझ्या काळ्या काचेकडे पाहिलं. "म्हणजे परत गेली," एवढंच म्हणाले.

मग ते उठले. दारात गेले. चौकटीला हात लावला, डावा पाय जपून टाकला, दोन पावलं चालले, मागे वळले. "अशी चालायची ना? बघून घे. पुन्हा कर."

नवा डबा आला होता. ताईने बाबांकडे बघून बघून सगळं पुन्हा केलं. तोच काचेसारखा देह, तोच निळसर उजेड. मी जीव ओतून दाखवलं. बाबांनी पाहिलं आणि हळूच मान हलवली.

"ही ती नाही गं. हा मी आहे, तिची नक्कल करणारा."

"पुसून टाकू?"

"नको. राहू दे." पण त्यांनी पुन्हा दाखव म्हटलं नाही. दुसऱ्या दिवशी जेवणाचा डबा दिला आणि उभ्याउभ्याच गेले.

आता माझ्या अंगावर उभी काळी रेघ आली आहे. मी अडगळीच्या कपाटावर, तुटक्या खुर्चीशेजारी पडून आहे. मला पुसायला कुणी येत नाही, त्याचं फारसं वाईटही वाटत नाही. वाईट वाटतं ते एकाच गोष्टीचं. ती चाल मी इतक्या वेळा दाखवली, तरी तिचा एक कणही माझ्याजवळ राहिला नाही.

मित्रांनो, यंत्रांची धूळ झटकत जा, मोलाच्या गोष्टी दोन जागी ठेवत जा. पण त्याहीआधी आपली माणसं घरातून चालत जातात ना, तेव्हा मान वर करून बघा. आम्ही पडदे दाखवू तेवढंच. लक्षात तुम्हालाच ठेवावं लागेल.