गरम मिश्रण, कोमट मिश्रण

रबराचं ते वीतभर चाक काळ्या लादीवरून पुढे गेलं, मागे आलं, पुन्हा पुढे गेलं... काचेआड साठ अंशांची उष्णता, आणि चाकाखाली हळूहळू खचत जाणारी चाकोरी. रुपाली आकड्यावर नजर लावून मनात म्हणत होती — खच, अजून थोडं खच. आपण काय म्हणतोय हे ध्यानात आलं तशी ती दचकली. सात वर्षं या प्रयोगशाळेत तिने डांबराच्या लाद्या तपासल्या होत्या. एखादीने हरावं असं कधी वाटलं नव्हतं.

मिश्रणं दोन. एक पॉलिमर घातलेलं, गरम — एकशे सत्तर अंशांना रस्त्यावर ओतायचं, पण एकदा बसलं की भरल्या ट्रेलरखालीही हटत नाही. यंत्रात आता होती ती त्याचीच शेवटची लादी. दुसरं कोमट — चाळीस अंशांनी कमी, धूरही कमी, पण त्याची चाकोरी जवळजवळ दुप्पट खोल. दोन्ही नियमांत बसणारी. बंदराच्या रस्त्याला कोणतं द्यायचं, एवढंच तिला संध्याकाळपर्यंत सांगायचं होतं. आणि त्या रस्त्यावर किसन होता.

किसन तिचा मावसभाऊ. लांज्याहून तिनेच शब्द टाकून इकडे आखातात आणलेला. मुहैस्नाहच्या कामगारांच्या कॅम्पात राहतो, डांबर पसरणाऱ्या यंत्रामागे फावडं घेऊन चालतो. गेल्या रविवारी अल नहदाला तिच्या घरी जेवायला आला तो अंघोळ करूनच, तरी तिची लेक मिहिका नाक मुरडून म्हणालीच, "मामा, यू स्मेल लाइक अ रोड."

"काय म्हणते गो ती?"

"रस्त्याचा वास येतो म्हणते."

तो हसला. पायमोजे काढून त्याने तळवे गार फरशीवर टेकवले, ते जेवण होईपर्यंत उचलले नाहीत. "वरचं ऊन सोसतं, ताई," भात कालवता कालवता म्हणाला, "खालून येतं ना, ते नाय सोसत." तक्रार नव्हती ती. तिने त्याला आणखी भात वाढला. दुसरं काय वाढणार होती?

मग कोमटच द्यावं... खोटं एक अक्षर लिहावं लागणार नाही. पण दोन उन्हाळ्यांत चाकोऱ्या पडतील, मोटरसायकलवरून जेवण पोचवणाऱ्या कुणाचं तरी चाक त्यात अडकेल, मागून ट्रेलर — तो मोटरसायकलवालाही कुणाचा तरी मावसभाऊ असेलच.

विभागप्रमुख नबिला दारातून डोकावली. "रुपाली, आज खलास करो यार. कौन-सा दें?"

"एक स्लॅब बाकी है," रुपाली म्हणाली. नबिला गेली.

आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं — हे ती नेहमी इतरांना ऐकवायची. आणि स्वतः? किती रस्त्यांना तिने गरम मिश्रण दिलं होतं, बेधडक, वर अभिमानाने... त्या प्रत्येक रस्त्यावर यंत्रामागे कुणीतरी चाललंच होतं की! इतकी वर्षं तिचा जीव कसा तुटला नाही? तिला वाटलं होतं, आपल्याला दया येतेय. आता त्या दयेचीच तिला लाज वाटली. तिने डोळे मिटले, पण किसन दिसेना. दिसत होते ते बाकीचे — तोंडाला फडकी बांधलेले, धुरात ओणवे, एकामागे एक... आणि हाक मारावी तर त्यांतल्या एकाचंही नाव तिला ठाऊक नव्हतं.